ट्रेसरबाई आणि मागची जागा

ट्रेसरबाई घराबाहेर पडताना डाव्या मनगटावर पेनाने परतायची वेळ लिहून घेत. दूध आणायला निघाल्या तर ७.२५, बँकेत निघाल्या तर ११.१०. आकडे छापल्यासारखे सुबक. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. लग्नाआधी पुण्यात, ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचे, आराखडे करणाऱ्या एका कार्यालयात, इंजिनिअरांची पेन्सिलीतली ड्रॉइंग शाईने गिरवायचं काम त्या करत. ते काम करणाऱ्याला ट्रेसर म्हणतात, म्हणून ट्रेसरबाई.

घरात त्यांचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, अंथरुणाला खिळलेले. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूने उजवी बाजू आणि वाचा गेली. माणूस मुळात मवाळ. पण एकटं राहायची धास्ती बसली होती. बाई दिसल्या नाहीत की डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या दांड्यावर आपटत राहायचे. आवाज खाली आमच्या घरात यायचा. पाऊण तासाच्या वर बाई कधी बाहेर राहिल्या नाहीत. चौदा वर्षं. मुलगी एकच, ती लग्न होऊन नागपूरला.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी ड्रॉइंगमध्ये नापास झाले, तेव्हा आईने मला त्यांच्याकडे धाडलं. बाई खोडरबर वापरू देत नसत. "आधी बघ, मग रेघ मार," एवढंच. माझ्या पाठीमागे उभ्या राहायच्या आणि माझी चूक मला दिसेपर्यंत गप्प. मला राग यायचा. एकदा तसं म्हटलंही. तेव्हा त्यांनी दोन माणसांच्या ग्लायडरची हकिकत सांगितली.

कार्यालयाने शिकाऊंसाठी आधी शेजारी-शेजारी बसायचं ग्लायडर केलं होतं. बोलायला सोपं, पण शिकणारा आभाळाकडे बघायचं सोडून गुरुजींच्या तोंडाकडे बघायचा. ग्लायडरचं अंगही रुंद, हवा अडायची. म्हणून नव्या आराखड्यात शिकाऊ पुढे आणि शिक्षक मागे, पंखाखाली. शिकाऊ पुढे एकटा उडाला तरी तोल ढळू नये, अशी ती मागची जागा बेतलेली. "बरोब्बर तोलाच्या ठिकाणी असते ती," बाई म्हणाल्या. "तिथे कोणी असलं काय, नसलं काय, ग्लायडरला कळत नाही." मग काकांच्या खोलीकडे बघून उठल्या.

गिरवताना बाईंच्या लक्षात आलं होतं, की मागच्या माणसाच्या डोक्यावर पंखच येतो. त्याला वरचं काहीच दिसणार नाही. त्यांनी भीतभीत साहेबांना विचारलं. चार दिवसांनी आलेल्या ड्रॉइंगमध्ये पंखाच्या मुळाशी दोन छोट्या खिडक्या होत्या. ग्लायडर तयार झाल्यावर साहेबांनी त्यांना एक फेरी मारून यायला सांगितलं. पण लग्न ठरलं होतं, आणि सासरहून निरोप आला की असलं काही नको. बाई हँगरच्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या.

पुढे मी नावड्याजवळ एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले. तिथे मुलांना दाखवायला एक जुनं लाकडी ग्लायडर ठेवलेलं. पंखाच्या मुळाशी दोन खिडक्या. मी बाईंना फोटो दाखवला. बराच वेळ त्यांनी फोन हातातून सोडला नाही. मग म्हणाल्या, जाऊन यायला तीन तास, नाही जमायचं.

माझी आई उरणकडची. ती वर जाऊन म्हणाली, "मी हाय ना इथं. पेला वाजला तर वाजू दे, मी काय पलून जानार नाय. तुमी जा."

बाईंनी मनगटावर १.३० लिहिलं. वर्कशॉपमध्ये लाकडाच्या सांध्यांवरून हात फिरवला, एकेका भागाचं नाव सांगितलं आणि बाजूच्या छोट्या दारातून मागच्या जागेवर चढून बसल्या. दार लाव म्हणाल्या, मी लावलं. निघायची वेळ झाली तेव्हा ते उघडेना. खिटी अडकली होती. मदतनीस मोरेमामा जेवायला गेलेले. त्यांना शोधून आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. बाई आत शांत, मान वर करून खिडकीतून छपराच्या पत्र्याकडे बघत होत्या. मामांनी पटाशी लावली, तशा त्या म्हणाल्या, "फोडू नका." सीटखाली हात घालून त्यांनी एक तार ओढली. दार उघडलं.

"आतून उघडायची सोय आहे. मीच गिरवली होती."

मी चिडून विचारलं, मग इतका वेळ का थांबलात?

"दार अडकलंय म्हटल्यावर मला कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं, सुवर्णा. तेवढंच बसून घेतलं."

घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आई काकांचा हात धरून बसली होती. बाईंना बघून काका लहान मुलासारखे रडले. बाईंनी पदर खोचला आणि भात कालवायला घेतला. नंतर मी दोनदा विचारलं, पुन्हा जाऊ या का? "झालं की बघून," म्हणाल्या.

दोन वर्षांनी काका गेले आणि मुलगी बाईंना नागपूरला घेऊन गेली. गाडीत बसताना त्यांनी मला विचारलं, "ती खिटी बदललीस का?" मी नाही म्हटलं. "बदलून घे. मुलं बसतात. तार मात्र राहू दे."

खिटी मी बदलून घेतली. मुलं बहुतेक पुढच्या जागेसाठी भांडतात. कधीतरी एखादी मुलगी मागे चढते आणि दार ओढून घेते. तास संपतो, बाकीची मुलं निघून जातात. मी तिला हाक मारत नाही.