सोमवारची चूल

अप्पा मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत, "लढाईच्या दिवसांत सोमवारी संध्याकाळी आमच्या घरात चूल पेटली नाही." पाहुणे माना डोलवत. माझ्या मुठी वळायच्या.

पाकिस्तानशी लढाई सुरू होती. माझा धाकटा भाऊ सीमेवर होता. रेशनच्या तांदळात निम्मे खडे, तेही मिळाले तर. देशासाठी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडा, असं आवाहन झालं. आमचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते; अप्पांनी मात्र जन्मभर कचेरीत कारकुनी केली. पण आवाहन ऐकलं आणि त्यांची पाठ ताठ झाली. चूल बंदचा हुकूम त्यांनी घरात सोडला आणि म्हैसुरातल्या सरस्वतीपुरमच्या आमच्या गल्लीत दारोदार जाऊन सांगूनही आले.

भाऊ सीमेवर गेल्यापासून आईने सोमवार धरले होते. दिवसभर पाणी आणि एखादं केळं. संध्याकाळी दिवा लावून जेवायचं, उपास सोडायचा. देशाने नेमकं तेच जेवण मागितलं. सोमवार मोडले तर मुलाचं काही वाईट होईल ही तिची भीती. चूल पेटली तर घराण्याची अब्रू जाईल ही अप्पांची. म्हणून रविवारी रात्री जेवलेली आई मंगळवारी दुपारी, आम्हा पुरुषांचं आटोपल्यावर, पानावर बसायची. अप्पा सोमवारी दुपारीच चेपून जेवत आणि ढेकर देऊन म्हणत, "जवानांची आठवण ठेवा!"

मी तरी काय वेगळा? शहराबाहेर बेळगोळच्या कारखान्यात कामाला होतो. सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद असली तरी आमचं कॅन्टीन पाळीवाल्यांसाठी चालू असे. तिथे उप्पिट खाऊन यायचो आणि घरी उपाशी माणसासारखा गप्प बसायचो.

एका सोमवारी घरी पोचलो तर आई देवापुढे आडवी पडलेली. शेजारच्या अक्का रागीची आंबील घेऊन धावत आल्या. अप्पा दारातच उभे.

"आज सोमवार आहे," ते म्हणाले.

"साकु, यजमान! पुरे करा," अक्का कडाडल्या. "पोरगा तिकडे पाकिस्तानशी लढतोय. तुम्ही इथे हिच्याशी लढताय काय?"

अप्पा बाहेरच्या खोलीत निघून गेले. आईला भिंतीशी टेकवून अक्कांनी पेला ओठांना लावला. दोन घोट घेऊन आईने माझ्याकडे पाहिलं.

"तू खाऊन आलास ना? दर सोमवारी शर्टाला फोडणीचा वास येतो."

मी शर्टाची बाही नाकाशी नेली.

"बरं झालं रे. एक तरी जेवला." मग पेला बाजूला सारून म्हणाली, "उरलेली झाकून ठेव. ह्यांनाही भूक लागली असेल."

तिच्या त्या 'बरं झालं'चा मला आजही संताप येतो. ओरडायचं होतंस ना आई, एकदा तरी! पण तेव्हा मी निमूटपणे पेल्यावर ताटली ठेवली.

सकाळी पेला रिकामा होता.

पुढच्या सोमवारी मी कॅन्टीनला गेलो नाही. सरळ घरी येऊन चूल पेटवली. धूर बाहेरच्या खोलीत गेला, अप्पा खोकले, पण बोलले नाहीत. पेल्याचं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आई त्या संध्याकाळी जेवली. मात्र आधी आम्हा दोघांना वाढून.