रामटेकेच्या बाटलीतलं तेल

आम्ही जुने लॅबवाले आजही भंडाऱ्यात चहाला बसलो, की पहिला कप संपायच्या आत कोणीतरी रामटेकेचं नाव काढतं. मग काय, घरी जायचं राहूनच जातं!

रामटेके आमचा केमिस्ट. नोकरी टेम्पररी. एकोडी गावातल्या मुलीशी लग्न जमत आलं होतं, पण तिच्या बापानं सांगून टाकलं, आधी पर्मनंट व्हा, मग बोला. आणि आमचे मॅनेजर देशकर साहेब म्हणत, आधी नाल्यातलं तेल बंद कर, मग पर्मनंट. कारखान्याचं तेलकट पाणी लोकांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या शेतांत, शिरायचं, त्यामुळे साहेबांच्याही डोक्याला ताप होता.

रामटेकेनं एक रसायन शोधलं. तो त्याला सर्फॅक्टंट म्हणायचा, आम्ही साबण. ते पाण्यात टाकून पाणी तापवलं, की तेलाला धरून सायीसारखं वर यायचं आणि खाली पाणी स्वच्छ. थंड झालं की मात्र पुन्हा सगळं एक!

*

पहिल्या दिवशी गड्यानं सांडपाण्याच्या टाकीत साबण अंदाजानं ओतला आणि ढवळायला हवेचा पंप सुरू केला. फेस टाकीतून निघाला तो थेट साहेबांच्या अॅम्बॅसॅडरपर्यंत. साहेब बाहेर आले, गाडी शोधली आणि म्हणाले, "रामटेके, गाडी धुवायले मी सांगितलं नव्हतं."

*

तो फेस नाल्यातही गेला. दुसऱ्या दिवशी गावातल्या चार बाया कपड्यांची गाठोडी घेऊन गेटवर हजर. त्यातली एक तणतणत होती, "आज साबण काहून नाही सोडला जी?"

रामटेके तासभर त्यांना समजावत होता की बायांनो, हा कपड्यांचा साबण नाही. त्यांना काही ते पटलं नाही.

*

पाणी तापवायला त्यानं बॉयलरची स्टीम मागितली. साहेब म्हणाले, "स्टीम काय तुह्या सासऱ्याची आहे?" बिचारा लॅबमध्ये परत आला. पण मे महिना लागला आणि आमच्या उन्हानं टाकी फुकटात तापवून दिली!

*

त्याच मे महिन्यात तपासणीला सरकारी साहेब आले. रामटेकेनं त्यांच्यासाठी बाटली उन्हात तयार ठेवली होती, वर तेलाची साय, खाली नितळ पाणी. आमचा चपराशी नत्थू फार अगत्याचा माणूस. एवढ्या उन्हात पाहुणे येऊन राहिले म्हणून त्यानं पाण्याच्या बाटल्यांसोबत हीसुद्धा ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून सावलीत ठेवली.

सरकारी साहेबांनी दुपट्टा सोडला. आत सगळं एकजीव. देशकर साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता आणि रामटेकेचा तर त्याहून नाही. मला वाटलं, गेलं पोराचं लग्न.

रामटेकेनं बाटली उचलली, सरकारी जीपच्या तापलेल्या बोनेटवर ठेवली आणि साहेबांना जेवायला बसवलं. जेवून येतात तर साय वर, पाणी खाली!

सरकारी साहेबांनी बाटली उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. मग विचारलं, "आणि हिवाळ्यात काय करता?"

देशकर साहेब खाकरले. "स्टीमची लाइन मंजूर केली आहे."

हे रामटेके पहिल्यांदाच ऐकत होता. बाटली पुसत पुसत तो सरकारी साहेबांना म्हणाला, "आणि साहेब, मले पर्मनंटबी केलं आहे."