टाकू का, अप्पा?

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. सर्व्हरच्या खोलीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टिंगल करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. या ग्रुपवर मी नुसता वाचायला येतो. आज लिहितोय, कारण घरी सांगितलं तर बायको काळजी करत बसेल...

मी नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर सांभाळतो. आमची दुसरी शाखा लातूरला, औसा रोडवर. दोन्हीकडचे सर्व्हर वेगवेगळ्या जातीचे. स्टाफचा सामाईक पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, आणि नांदेडला बदलला की लातूरला आपोआप बदलावा म्हणून एक सॉफ्टवेअर घेतलेलं. ते कधीच चाललं नाही. 'पासवर्ड सिंक फेल्ड' — लाल अक्षरात. कंपनीच्या इंजिनिअरनंही हात टेकले.

मग लातूरचे अप्पा आणि मी, आम्ही आमचा देशी उपाय काढला. अप्पा तिथला सर्व्हर सांभाळायचे. माझ्याहून बरेच मोठे, लिंगायत, सकाळची इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय चहालाही न शिवणारे. फोन स्पीकरवर ठेवायचा, दोघांनी नवा पासवर्ड टाइप करायचा आणि मी विचारायचं, "अप्पा, टाकू का?" ते म्हणायचे, "टाक. पर दमानं. लई घाई करून राहिलास तू." मग दोघांनी एकदम एंटर दाबायचं. मागेपुढे झालं की सगळ्यांची खाती लॉक व्हायची. वर्षानुवर्षं आमचं हेच चाललं.

अप्पा औशाच्या बसमध्ये बसल्या जागी गेले. मी मातीला गेलो. लिंगायत रीतीनं त्यांना बसवून समाधी दिली, लोक रडत होते, मी चपला कुठं काढल्यात ते आठवत होतो. काहीच वाटलं नाही हो. परतताना भजी खाल्ली, चवही कळली नाही.

त्यांची मुलगी गौरी त्याच शाखेत, अप्पांच्याच मशीनवर, एंट्रीच्या कामाला लागली. आई आणि धाकटी बहीण आता तिच्यावरच होत्या. सर्व्हर सांभाळायचं अप्पांचं स्वतःचं खातं लगेच बंद करायला हवं होतं, पण सगळे म्हणाले, त्यांच्यातली तेराव्यासारखी शिवगणाराधना होऊ द्या. माणसाच्या नावानं पंगत उठायच्या आत त्याचं नाव कसं पुसायचं? मलाही ते बरोबर वाटलं.

पासवर्डचा महिना भरला. दुपारी मी पासवर्ड बदलायला बसलो. सवयीनं तोंडातून गेलं, "अप्पा, टाकू का?" — आणि एंटर दाबल्यावर लक्षात आलं, फोन लावलेलाच नाही. नवा पासवर्ड सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेजनं गेलेला. मी घाईनं लातूरला फोन केला, म्हटलं तुम्ही जुनाच वापरा, मी येऊन बदलतो.

गौरी म्हणाली, "काका, नवाच चालून राहिलाय की."

लातूरच्या नोंदी इथून नुसत्या बघता यायच्या, त्या उघडल्या. लातूरचा बदल अप्पांच्या खात्यातून, अप्पांच्या मशीनवरून झालेला. पुढं शिवगणाराधना झाली, मी खातं बंद केलं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. बंद खात्यातून.

ऑडिटमध्ये हे लॅबच्या मालकांना, म्हणजे आमच्या साहेबांना दिसलं. "गेलेल्या माणसाच्या नावानं कोण बसतंय तिथं? त्या खुर्चीत तर पोरगीच असते. पेशंटचे रिपोर्ट आहेत त्यात."

गौरीचा फोन आला. "काका, अप्पाचा पासवर्ड मला म्हाईत न्हाई. आईशप्पत. ही नोकरी गेली तर आम्ही कुठं जावं?"

बघतो, एवढंच म्हणालो. आत तेव्हाही सगळं बधिरच होतं.

रविवारी साहेबांनी तिला नांदेडला बोलावलं. लातूरला कुलूप, किल्ली साहेबांच्या टेबलावर. म्हणाले, "बदला आता. तिकडं गेला तर ही सुटली. नाही गेला तर काय समजायचं ते समजू."

मी बदलला. लाल अक्षरं.

साहेबांनी गौरीकडं पाहिलं. ती ओढणीचं टोक पिळत खाली बघत होती. आणि मला आठवलं — मी विचारलंच नव्हतं. चारचौघांत तसं विचारायचं म्हणजे वेड्यात निघायचं. पण पोरगी समोर उभी होती.

"साहेब, एकदा तुम्हीच टाका. तुमच्या मनातला. मला सांगू नका."

त्यांनी टाइप केला, बोट एंटरवर ठेवलं. मी मोठ्यानं म्हणालो, "अप्पा, टाकू का?"

"कुणाला विचारताय?" साहेब म्हणाले. गौरीनं मान वर केली.

"दाबा," मी म्हणालो.

हिरवी अक्षरं आली. साहेबांनी नांदेडहूनच लातूरचा सर्व्हर उघडून पाहिला. त्यांच्याच पासवर्डनं उघडला. नोंदीत अप्पांचं नाव. त्यांनी टेबलावरची किल्ली उचलून गौरीपुढं सरकवली. मग म्हणाले, "सॉफ्टवेअरचाच दोष दिसतो. पोरी, उद्या वेळेवर जा कामावर."

बाहेर आल्यावर गौरीनं विचारलं, "काका, काय म्हणले अप्पा?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "टाक म्हणाले. पर दमानं."

पुढच्या महिन्यात दार लावून विचारलं, "अप्पा, टाकू का?" लाल अक्षरं. पुन्हा विचारलं. पुन्हा लाल. तेव्हा मला कळलं, माणूस गेला. मातीच्या दिवशी राहून गेलेलं सगळं रडणं त्या खुर्चीत बसून रडलो.

इंजिनिअर म्हणतो, सिंक मधेच चाललं असेल. असेल. पण बंद खातं, कुलूप लावलेली शाखा, साहेबांच्या मनातला पासवर्ड? आता लातूरचं ते काम गौरीकडं दिलंय. मी फोनवर विचारतो, "टाकू का?" ती म्हणते, "टाका काका." दमानं टाका, असं काही ती म्हणत नाही. मी मात्र बोट एंटरवर ठेवून जरा थांबतो, मगच दाबतो.