पान एकशे बारा

पुस्तक हातात दिलं तरी ते लगेच सोडायचे नाहीत. आपण आपल्या बाजूनं ओढायचं आणि त्यांनी दुसऱ्या टोकावर अंगठा दाबून धरलेला. मग चष्म्यावरून बघत हळूच सांगायचे, "पान चौऱ्याऐंशी. तिथं जपून. पाणी प्यायचं, मग पुढं जायचं."

जव्हारच्या बाजारामागं एका खोलीत वाचनालय होतं, आणि ते तिथले ग्रंथपाल. मी दवाखान्यात नर्स म्हणून बदलून आले तेव्हा संध्याकाळी जायला दुसरी जागा नव्हती. सभासद मोजकेच. शिक्षक, एसटीचे कंडक्टर, दोन-चार निवृत्त कारकून. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी असते, ती तुम्ही पाहिलीच असेल. इथं त्या चिठ्ठीखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं असे, 'पान ४१. आग लागते.' 'पान १६०. बाईला मारहाण. तीन पानं.' स्वतः शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते एकही पुस्तक कपाटात लावत नसत. त्यामुळं नवी पुस्तकं आमच्यापर्यंत यायला सहा-सहा महिने लागायचे.

एकदा एक कंडक्टर त्यांच्यावर चिडला. "अहो, रहस्यकथा आहे! खून होणार ते मला माहीतच आहे. सांगता कशाला?"

"माणसाचा होतो ते नाय सांगत मी," ते शांतपणे म्हणाले. "कुत्र्याचापण होतो."

कंडक्टरचा पाळलेला कुत्रा आठ दिवसांपूर्वी बिबट्यानं नेला होता. ते ग्रंथपालांना कुठून कळलं कोण जाणे. गावातली सगळी दुःखं त्यांना पाठ असत आणि कुणाला कुठलं पान टोचेल ह्याचा हिशोब त्यांच्या डोक्यात असे.

मला सुरुवातीला ह्या सगळ्याचा राग यायचा. एकदा मी म्हटलं, "मला नका सांगत जाऊ. मी सिस्टर आहे. रोज रक्तच बघते."

"दवाखान्यात सिस्टर असता. वाचताना कुठं सिस्टर असता?"

मी पुस्तक घेऊन निघाले.

पाऊस उघडल्यावर एकदा एका पाड्यावरून डोली करून अडलेली बाई आणली. मूल माझ्या हातात आलं आणि हातातच गेलं. मी कागद भरले, हात धुतले, दुसऱ्या खाटेकडं वळले. चार दिवसांनी वाचनालयात गेले तेव्हा मी मागितलेली कादंबरी त्यांनी कपाटातून काढली आणि पुन्हा आत ठेवली.

"हे आत्ता नको, सिस्टर."

"द्या हो."

"सत्त्याऐंशी ते एक्क्याण्णव," ते म्हणाले. ह्या वेळी अंगठा जरा जास्तच वेळ दाबलेला होता. "बाळंतपण आहे. मूल राहत नाय."

मी खोलीवर जाऊन वाचायला बसले. शहाऐंशी पानं भराभर झाली. सत्त्याऐंशीवर बोट ठेवून उठले, पाणी प्यायले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. त्या मुलासाठी मी तिथं पहिल्यांदा रडले. मग आत येऊन पुढचं वाचलं.

पुस्तक परत करताना मी विचारलं, "हे तुम्ही कधीपासून करता?" ते खिडकीबाहेर बघत सांगायला लागले. सांगताना त्यांचं वाचनालयातलं मराठी सुटलं आणि पाड्यावरचं बोलणं वर आलं.

"एक गुरुजी होते. नेमानं यायचे. त्यांची पोर नदीत बुडाली. वरीसभर आले नाय, मंग एक दिस आले. मना इतका आनंद झाला! म्हणलं, ही कादंबरी न्या गुरुजी, लय चांगली हाये. मी वाचली नव्हती. कुणी वाखाणली तेवढं ऐकलेलं."

त्या कादंबरीत एक मुलगी बुडते.

गुरुजी दोन दिवसांनी सकाळी घरातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. कुणी म्हणे त्र्यंबकला दिसले, कुणी म्हणे कसाऱ्याच्या स्टेशनात. महिन्यानं त्यांच्या बायकोनं पुस्तक आणून दिलं. एकशे बारा पानावर खुणेला एसटीचं तिकीट होतं. ग्रंथपालांनी उभ्या उभ्याच ते पान वाचलं. शेवटच्या ओळीत मुलीला काठावर आणून निजवतात. त्यांनी पुस्तक मिटलं.

"पुस्तकानं माणूस जात नाही," मी म्हटलं.

"सगळे असंच सांगतात," ते म्हणाले. "पन तिकीट तं तिथंच होतं ना?"

काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती सोडून ते सूर्यमाळकडच्या आपल्या पाड्यावर राहायला गेले. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. त्यांची सून दूरच्या झऱ्यावर पाण्याला गेली होती. ओटीवर ते एकटेच बसले होते. माझा आवाज ओळखून त्यांनी आतल्या पेटीतलं पुस्तक काढायला सांगितलं. वाचनालयाला दुसरी प्रत देऊन गुरुजींनी नेलेली ही प्रत त्यांनी स्वतःजवळ ठेवली होती.

"एकशे बाराच्या पुढं वाचा. मी कधी उलटलंच नाय."

मी पान उलटलं आणि वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीची आई चूल पेटवते. सवयीनं लेकीच्या वाटणीचीही भाकरी थापते. ताटात वाढून बराच वेळ बसते. मग ती भाकरी मोडते, अर्धी नवऱ्यापुढं सरकवते आणि म्हणते, "खा."

"मंग? तो खातो?"

"खातो."

उतारावरून कुणाची तरी गाय हंबरत होती.

"एकच पान होतं, सिस्टर," ते म्हणाले. "आणि मी जन्मभर काय लिहिलं? कुठं दुखंल तेवढंच. दुखल्यावर पुढं काय हाये ते कुणाला सांगितलंच नाय."

"ते पान वाचूनही गुरुजी गेले असते कदाचित."

"गेले असते," त्यांनी मान हलवली. "तेबी खरं."

त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि त्या पानावरून तळहात फिरवत राहिले, एखाद्या ओळीचा उंचवटा हाताला लागेल असा.

परतीच्या एसटीपर्यंत मला सोडायला ते आलेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून पाड्याची पाऊलवाट उतरले. सून पाण्याचे हंडे घेऊन परत येत होती, ती त्यांच्याजवळ थांबली. गाडी आली, मी चढले आणि खिडकीतून हाक मारून निरोप घेतला. त्यांनी हात वर केला. गाडीनं वळण घेतलं, रस्ता डोंगराला वळसा घालून पुन्हा त्यांच्या समोरच्या अंगाला आला, तेव्हा खाली ते दिसले. सून त्यांचा दंड धरून काहीतरी सांगत होती. गाडी केव्हाच गेली हेच सांगत असणार. त्यांचा हात मात्र अजून वर होता, आणि तोंड रिकाम्या रस्त्याकडं.

पाऊस सुरू व्हायच्या आत ते गेले.