अर्धाच राहिलेला ठसा

लेखाचा ठसा घ्यायला ओला कागद दगडावर बसवला की ते गृहस्थ त्यावर तळहात ठेवून म्हणायचे, "घाई नको, मास्तर. अंगाला लागू द्या." कागद वाळायच्या आतच मी त्या दगडाबद्दल गावात थाप मारून बसलो. ती चूक माझी.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. तेरजवळच्या एका गावात मी शिक्षक होतो. तिथल्या महादेवाच्या जुन्या देवळात अक्षरांनी भरलेली एक उंच शिळा उभी होती. तिचा ठसा घ्यायला सरकारी खात्यातले हे गृहस्थ आले. मद्रासकडचे, मराठी अगदी पुस्तकातलं. उतरले माझ्याच घरी. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून भातासारखी खायचे. आई म्हणायची, "भाताची भूक भाकरीवर भागवतंय बिचारं!"

शिळेवरचा लेख जुन्या कानडीत होता. पण त्यांना लेखांचा नाद लागला तो लहानपणी, तमिळ लेखांमुळं. ते सांगायचे, "आमच्या गावी देवळाच्या भिंतीच लिहिलेल्या आहेत. वडील माझं बोट धरून अक्षरांवरून फिरवायचे. कुणी जमीन दिली, कुणी मेंढ्या दिल्या."

"देवाला मेंढ्या?"

"दिव्याच्या तुपासाठी हो! देव खात नाही त्या."

पहिल्या दिवशी वरच्या अर्ध्या भागाचा ठसा झाला. संध्याकाळी हॉटेलात लोकांनी मला घेरलं. "मास्तर, काय लिव्हलंय वो त्या धोंड्यावर?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. तसं म्हणायची लाज वाटली. "धनाचं काहीतरी आहे," मी ऐटीत सांगितलं. दगडावर अक्षरं दिसली की खाली हंडा पुरलेला असणार, ही आपल्याकडची समजूत तुम्हालाही माहीत आहे.

सकाळी गेलो तर शिळेच्या बुडाशी खड्डा. शिळा आडवी, खालच्या भागाचे तुकडे झालेले. पाहुणे उकिडवे बसून तुकड्याला तुकडा लावून पाहत होते. मधल्या अक्षरांचा चुराच झाला होता.

"ह्या मद्राश्यानंच उकरलं! हंडा घिऊन चाललंय," कुणीतरी ओरडलं. लोकांनी त्यांची वळकटी सोडली. आत शाईचा डबा निघाला.

ते माझ्याकडे वळले. "मास्तर, सांगा ना यांना. रात्रभर मी तुमच्याच घरी होतो."

"मला झोप लागली होती," मी म्हणालो.

दुपारच्या मोटारीनं ते गेले. अर्धा ठसा काखेत होता.

काही वर्षांनी ते उरल्यासुरल्या तुकड्यांसाठी पुन्हा आले. केस पिकले होते. देवळात माणसं जमली.

"आला का हंडेवाला?" एकजण म्हणाला. सगळे हसले. ते मान खाली घालून कागद भिजवत राहिले.

मी मंडपात जाऊन उभा राहिलो.

"हंड्याची थाप माझी होती," मी लोकांना म्हणालो. "हे त्या रात्री माझ्या घरातून हलले नाहीत. मी जागाच होतो."

मग मी साहेबांसमोर खाली बसलो.

"साहेब, लेख माझ्यामुळं फुटला. आणि चोरीचा आळ तुमच्यावर आला तेव्हा मी गप्प राहिलो. मला माफ करा."