हेडलाइटच्या तारेवरचं लिंबू

मंडळी, साबणाने चारदा हात धुतले, तरी वास जात नाही.

आमच्या जुन्या गाडीचे हेडलाइट मधूनच विझतात. काल संध्याकाळी तिरुवैयारुहून येताना पुलावर विझले, तेव्हा समोरून बस येत होती आणि आत अप्पा, आई होते. मेकॅनिकने दोनदा बल्ब बदलून दिलेत.

आज मी दिवे लावून एकेक तार हलवून पाहिली. बंपरमागची अर्थिंगची तार हलली की दोन्ही दिवे जात. ती ज्या बोल्टला जोडली आहे, त्याच बोल्टला अप्पा दर शुक्रवारी दृष्टीचं लिंबू बांधतात, जुनं न काढता. कुजलेल्या लिंबांचा काळा, चिकट लगदा, त्यात अळ्या, खाली गंजलेला बोल्ट. "शी, ही लिंबं!" म्हणत मी तो हातानंच खरवडून काढला.

"लिंबाला नावं ठेवू नकोस," अप्पा म्हणाले. "काल त्यानंच वाचवलं."

"अप्पा, दिवे त्यानंच घालवले."

ते घरात गेले. मी बोल्ट घासून तार घट्ट बसवली. दिवे स्थिर राहिले. तेवढ्यात अप्पा ताजं लिंबू घेऊन आले. "मग हे कुठं बांधू?"

तुमच्या घरी नवं बांधताना जुनं कुणी काढतं का? आज जरा वाकून बघा.