नकारात्मक बोलायचं नाही

लॉकडाऊन लागला तेव्हा मी एका विमा कंपनीच्या अंधेरीतल्या ऑफिसात प्रशासन विभागात होतो. कुठली खोली कोणाला द्यायची, एसी किती वाजता बंद करायचा, पाण्याचा जार कधी बदलायचा, हे ठरवणारा तो विभाग. इतरांना घरी लॅपटॉप मिळाले. आम्हाला काही मिळालं नाही, कारण ज्या इमारतीचं प्रशासन करायचं, तीच कुलूपबंद झाली होती. तीन दिवस मी कसाबसा धीर धरला. चौथ्या दिवशी घराचं प्रशासन हातात घेतलं.

घर म्हणजे घाटकोपर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरचा एक हॉल, एक बेडरूम आणि किचन. माणसं चार. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझे ऐंशीला टेकलेले वडील. वडील आयुष्यभर गिरणीत होते. मुंबईत साठ वर्षं काढूनही घरात मालवणीच बोलायचे. बायको शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची आणि आता तेच किचनमध्ये उभी राहून, मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून शिकवत होती.

मी आधी वेळापत्रक केलं. अंघोळीला माणशी आठ मिनिटं. चहा दोनदा, अर्धा कप. वडिलांनी विचारलं, "तिसरो चाय खय गेलो?" मी म्हणालो, "अण्णा, देश संकटात आहे." ते म्हणाले, "देशान माजो चाय पिल्यान?" पण मी अशा विरोधाने डगमगणारा नव्हतो.

मग काटकसर. भाजीचं काही फेकायचं नाही, असा नियम केला. दुधीच्या सालींची चटणी झाली. मटारच्या टरफलांची भाजी झाली. ती मुलीने एकदा तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिली. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं मी स्वतः थालीपीठ केलं आणि स्वतःच खाल्लं. डबे मी वर्णानुक्रमे लावले. ज्वारी, तांदूळ, तीळ, तूरडाळ अशी सगळी शिस्तीत रांग. बायकोने एकदाच विचारलं, "रोज लागणारं मीठ वरच्या फळीवर कशाला?" मी म्हणालो, "म-मध्ये येतं." ती स्टूल घेऊन वर चढली.

या सगळ्यात मला जास्त अभिमान होता तो सकारात्मकतेचा. आजार, आकडे, कोण गेलं, कोण व्हेंटिलेटरवर आहे, हे घरात बोलायचं नाही. जो बोलेल त्याचा दुपारचा चहा बंद. बातम्या बंद. आणि रात्री जेवताना प्रत्येकाने त्या दिवशीची एक चांगली गोष्ट सांगायची.

वडील रोज एकच गोष्ट सांगायचे. "आज पोट साफ झाला." मी म्हणायचो, "अण्णा, काहीतरी वेगळं सांगा ना." त्यावर ते म्हणायचे, "ह्या वयात याच्यापेक्षा चांगला काय आसता, ता तू सांग." मुलगी म्हणायची, आज नेट चाललं. नाही चाललं तर म्हणायची, आज नेट चाललं नाही म्हणून लेक्चर झालं नाही. बायको म्हणायची, "आज तुझं भाषण लवकर संपलं." मी सगळ्यांचं कौतुक करायचो. घर कसं आनंदात आहे, हे ऑफिसच्या ग्रुपवर कळवायचो.

असे दोन-अडीच महिने गेले. एका दुपारी मी हॉलमध्ये बसून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक आखत होतो. करपल्याचा वास आला. आधी वाटलं शेजारून येतोय. मग धूर दिसला. किचनमध्ये धावलो तर बायको गॅसपासून हातभर अंतरावर उभी राहून मुलांना झाडांचं श्वसन शिकवत होती आणि तिच्या पाठीमागे आमटीचा कोळसा होत होता. मी गॅस बंद केला. तिचा वर्ग संपेपर्यंत थांबलो आणि मग तूरडाळ या विषयावर उभ्याउभ्या दहा मिनिटं बोललो. डाळ पिकवायला किती कष्ट पडतात, आपण किती बेफिकीर झालो आहोत, वगैरे. एरवी तिने मला दोन वाक्यांत गार केलं असतं. त्या दिवशी ती गप्प राहिली, भांडं घासत. तिचं गप्प राहणं म्हणजे माझ्या व्यवस्थेचं यश, असं मी समजलो.

रात्री जेवायला बसलो. वडिलांचं पोट साफ झालं होतं. मुलीचं नेट चाललं होतं. बायको भात चिवडत होती. ती म्हणाली, "आज संध्याकाळी देवनारचा वास आला नाही."

मी टाळीच वाजवली. वाऱ्याची दिशा फिरली की देवनारच्या डम्पिंगवरच्या कचऱ्याचा वास आमच्याकडे यायचा. इतक्या वर्षांत आम्ही त्याच्याबद्दल तक्रारच करत आलो होतो. मी म्हणालो, "बघा, याला म्हणतात दृष्टी! लॉकडाऊनमुळे हवा किती शुद्ध झाली आहे. नुसतं रडत बसण्यापेक्षा असं काहीतरी शोधावं माणसाने."

मुलगी आजोबांकडे बघत होती. आजोबा ताटाकडे बघत होते.

"बाबा," मुलगी म्हणाली, "वास आला होता. एवढा आला की आजोबांनी सहा वाजता सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. तू तेव्हा आत झोपला होतास."

मला कळायला तरीही थोडा वेळ लागला. मग मी बायकोला विचारलं, "तुला आमटी करपल्याचा वास आला नव्हता?"

"नाही."

"कधीपासून?"

"परवापासून. काल अंगात तापही होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, थकून बघितलं. "सांगितलं ना आत्ता. चांगली गोष्ट म्हणून सांगितलं. दुसरं काही सांगायची या घरात सोय कुठे आहे?"

त्यानंतर जे केलं ते मुलीने केलं, हे मला कबूल करायला हवं. प्रशासनाचा बावीस वर्षांचा अनुभव असलेला मी ताट हातात धरून उभा होतो. तिने आईची गादी, चार्जर, पाण्याची बाटली, थर्मामीटर बेडरूममध्ये नेऊन ठेवलं. बेडरूमला लागून दुसरं बाथरूम होतं, हे आमचं नशीब. आजोबांची कॉट हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी सरकवली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. सगळं अर्ध्या तासात आणि कुठलाही तक्ता न काढता.

तिच्या टेस्टचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. मी तो वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "झाला मा तुझ्या मनासारख्या? घरात एक तरी पॉझिटिव गावला." आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा सुनेवर फार जीव होता. त्यांचे डोळे भरलेत हे मला दिसू नये म्हणून ते वळले होते, आणि मला ते दिसलं.

स्वयंपाक माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी फोडणीला मोहरी सापडेना. आमच्या घरी तिला राई म्हणतात, म्हणून मी र-मध्ये शोधली, मग म-मध्ये शोधली, तोपर्यंत तेल पेटायला आलं. मोहरी तीळ आणि तूरडाळीच्या मध्ये सापडली. कोणीतरी ती हाताशी यावी म्हणून गुपचूप तिथे आणून ठेवली होती. सगळेच डबे थोडे थोडे जागचे हलले होते. माझ्या राज्यात लोक आपापला मार्ग काढून जगत होते आणि मला पत्ता नव्हता.

बायकोला जेवण जाईना. वडील तोंडाला मास्क लावून किचनच्या दारात स्टूलवर बसले आणि मला पेज शिकवू लागले.

"तांदूळ किती घेतलंस?"

"अर्धी वाटी."

"एवढ्याश्यात तिका पाण्यात तांदूळ शोधूक चष्मो लागतलो. घाल आणखी."

"अण्णा, पुरवून वापरायला हवं ना. तुम्ही नाही का गिरणीच्या संपात काटकसरीने घर चालवलं?"

"संपात आम्ही काटकसर नाय केली," ते म्हणाले. "उपाशी रवलंव. काटकसर करूक घरात कायतरी आसूक लागता."

मी आणखी दोन मुठी तांदूळ घातले. त्यांनी मान हलवली. आणखी एक मूठ घातली.

पेज बेडरूमच्या दाराबाहेर ठेवून मी टकटक केली आणि मागे सरकलो. दार उघडलं, वाटी आत गेली, दार लागलं. मी तिथेच जमिनीवर बसलो.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

दाराआडून आवाज आला, "खरं सांगू, की चांगलं सांगू?"

"खरं सांग."

मग ती बोलायला लागली. ती रात्री श्वास मोजत जागी राहत होती. तिच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गेले होते आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा ऑनलाइन वर्गात येऊन बसला होता, कॅमेरा बंद करून. हजेरी घेताना "येस टीचर" म्हणाला होता. विरारला तिची बहीण आजारी होती, आता बरी होती; ते चौदा दिवस तिने बाथरूममधून फोन केले होते. आपल्यामुळे अण्णांना झालं तर, या भीतीने तिला घास उतरत नव्हता. मटारच्या टरफलांची भाजी भयंकर होती. आठ मिनिटांत तिचे केस धुऊन होत नसत.

मी मध्ये काही बोललो नाही. धीर धर म्हणालो नाही, सगळं ठीक होईल म्हणालो नाही. तशी ती वाक्यं माझ्याजवळ भरपूर होती. एक तोंडापर्यंत आलंही होतं, पण मुलीने हॉलमधून माझ्याकडे असं बघितलं की मी ते गिळलं. बायको बोलत होती तोवर पेज निवली असावी. मग चमच्याचा आवाज ऐकू आला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"चव कळली?"

"नाही रे. तू केलीयेस म्हणून अंदाज."

ती सतरा दिवस त्या खोलीत होती. वडिलांना काही झालं नाही, आम्हा दोघांनाही नाही. तिला वास यायला मात्र पुढे महिनाभर लागला. ती खोलीतून बाहेर आली त्या दिवशी तिने आधी केस धुतले. पस्तीस मिनिटं लागली. वडील हॉलमध्ये चहाचा तिसरा कप घेऊन बसले होते, मुलगी पापड भाजत होती आणि मी बाथरूमबाहेर टॉवेल धरून उभा होतो. आतून तिने विचारलं, "पाणी संपेल का रे?" मी म्हणालो, "संपू दे."